वार्षिकांकानंतरचे लेखन : सराव, पुनर्लेखन आणि लेखनप्रेरणा
(वरवट बकाल परिसराच्या संदर्भात)

बीजशब्द : सर्जनशील लेखन, काव्यहेतू, पुनर्लेखन, वऱ्हाडी बोली, लेखनप्रेरणा, वाचक

प्रस्तावना

ग्रामीण महाविद्यालयाच्या वार्षिकांकात दरवर्षी नवी नावे येतात. कोणाची आईवर कविता असते, कोणाची पावसावर, कोणाची शेतकऱ्याच्या आत्महत्येवर. एखादी कथा असते, एखादे प्रवासवर्णन असते. पुढील वर्षीच्या अंकात त्यांतील काही नावे पुन्हा दिसतात. पदवीचे तिसरे वर्ष संपले की ती नावे कायमची नाहीशी होतात. लिहिणारे गावातच असतात. कोणी शेती पाहतो, कोणी दुकानात बसतो, कोणी स्पर्धा परीक्षेची पुस्तके घेऊन अभ्यासिकेत जातो, मुली सासरी जातात. लेखन मात्र थांबलेले असते. ते का थांबते, या प्रश्नाला सहसा एकच उत्तर दिले जाते : प्रतिभा तेवढीच होती. हे उत्तर सोयीचे असले तरी ते तपासून पाहिले पाहिजे.

बुलडाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील वरवट बकाल हे गाव या तपासणीस योग्य ठिकाण आहे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस पूर्णेचे खोरे, भोवती कापूस, सोयाबीन, तूर यांची वावरे आणि खारपाणपट्ट्यातील खारट पाणी अशी ही भूमी आहे. येथून मुंबई-पुण्याची प्रकाशनगृहे दूर, वाङ्मयीन मासिकांची कार्यालये दूर, आणि लेखक म्हणून ओळखला जाणारा माणूस रोज रस्त्यात भेटेल अशी शक्यता कमी. अशा ठिकाणी लेखन सुधारावे कसे आणि ते टिकवावे कसे, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हे दोन प्रश्न वेगवेगळे मानले जातात. पहिला तंत्राचा आणि दुसरा मनाचा, अशी वाटणी रूढ आहे. ही वाटणी बरोबर नाही, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. ज्याला आपले लेखन सुधारता येते त्याचेच लेखन टिकते. आणि ते सुधारण्यासाठी निदान एक वाचक लागतो. वार्षिकांकानंतर नाहीशी होते ती प्रतिभा नसून हा वाचक होय.

काव्यहेतू : तीन की एक?

प्राचीन भारतीय काव्यशास्त्राने काव्यनिर्मितीच्या कारणांची चर्चा ‘काव्यहेतू’ या नावाने केली आहे. प्रतिभा, व्युत्पत्ती आणि अभ्यास ही त्रयी मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला परीक्षेपुरती पाठ असते. अकराव्या शतकातील काश्मिरी आचार्य मम्मट याने ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात हा विचार मांडताना एक बारकावा ठेवला आहे, त्याकडे मात्र दुर्लक्ष होते. शक्ती म्हणजे प्रतिभा. लोकव्यवहार, शास्त्रे व काव्ये यांच्या अवलोकनाने येणारी निपुणता. आणि काव्य जाणणाऱ्यांच्या शिकवणुकीनुसार केलेला अभ्यास, असे तीन घटक सांगून मम्मट ‘हेतू’ हा शब्द एकवचनात वापरतो. तीन हेतू नाहीत, तिघांचा मिळून एकच हेतू आहे, असे तो आपल्या वृत्तीत स्पष्ट करतो. याचा अर्थ असा की, प्रतिभा आहे पण अभ्यास नाही, ही ‘थोडीशी कमी’ नव्हे. अशा ठिकाणी कारणच पूर्ण झालेले नसते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मम्मटाचा अभ्यास एकट्याचा नाही. काव्य जाणणारा दुसरा माणूस त्यात गृहीत धरलेला आहे.

या दुसऱ्या माणसाचे स्थान अधिक नेमकेपणाने दाखविणारा ग्रंथ म्हणजे राजशेखराची ‘काव्यमीमांसा’. नवव्या शतकाच्या अखेरीस व दहाव्याच्या आरंभी कनोजच्या दरबारात वावरलेला हा कवी आपल्या पूर्वजांचा महाराष्ट्राशी असलेला संबंध अभिमानाने सांगतो. त्याच्या ग्रंथात काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात होतो. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. साहित्याच्या जन्मकथेतील हे लग्नघर बुलडाणा जिल्ह्याच्या शेजारी आहे, ही गोष्ट येथील विद्यार्थ्याला सहसा कोणी सांगत नाही.

‘काव्यमीमांसे’च्या दहाव्या अध्यायात कवीची दिनचर्या आहे. दिवसाचा पहिला प्रहर विद्यांच्या अध्ययनाचा, दुसरा काव्यरचनेचा, भोजनोत्तर तिसरा काव्यगोष्ठीचा, आणि चौथा सकाळी रचलेल्या काव्याच्या परीक्षणाचा. हे परीक्षण एकट्याने किंवा मोजक्या मंडळींसह करावे, कारण रसाच्या आवेशात रचना करणाऱ्याची दृष्टी विवेक करू शकत नाही, असे कारणही तो देतो. चार प्रहरांपैकी प्रत्यक्ष रचनेला एकच प्रहर आहे. उरलेले तीन वाचणे, ऐकणे-ऐकविणे आणि दुरुस्त करणे यांसाठी आहेत. ‘सुचले की लिहावे’ एवढ्याच कल्पनेवर पोसलेल्या नवलेखकाला हे प्रमाण विचित्र वाटेल. लेखनाच्या धंद्यात मुरलेल्या माणसाला ते अगदी ओळखीचे वाटते.

ऐकणे : विदर्भाची जुनी विद्या

लेखन सुधारण्याचा पहिला मार्ग कानातून जातो. मराठीतील आद्य गद्यग्रंथ मानला जाणारा ‘लीळाचरित्र’ हा याचा सर्वांत मोठा दाखला आहे. चक्रधरस्वामींच्या नंतर, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने हा ग्रंथ सिद्ध केला. त्याने काय केले, तर आधी नागदेवाचार्यांकडून आणि मग ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांच्याकडून, गावोगावी जाऊन, आठवणी ऐकल्या. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर एकाचे खरे धरून दुसऱ्याचे पुसून टाकले नाही. भिन्न पाठ सांगणाऱ्याच्या नावाने ‘वासना’ म्हणून नोंदविला. हा प्रामाणिकपणा आजच्या संशोधकालाही लाजविणारा आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर ही या साऱ्या उद्योगाची भूमी. मेहकर आणि लोणार या बुलडाणा जिल्ह्यातील गावांच्या लीळा त्या ग्रंथात आहेत. माणसे कशी बोलतात, कशी रुसतात, काय खातात, हे त्या ग्रंथात जसे आले आहे तसे पुढे कित्येक शतके मराठी गद्यात क्वचितच आले. त्याचे श्रेय म्हाइंभटाच्या लेखणीइतकेच त्याच्या कानाला द्यावे लागते.

शेजारच्या खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हते. जात्यावर, शेतात त्या जे रचीत ते त्यांच्या मुलाने व एका नातेवाइकाने उतरवून घेतले. १९५१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी प्रसिद्ध झाली. येथे रचणारी एक आणि लिहून घेणारा दुसरा, अशी विभागणी दिसते. ऐकून उतरविणारा कान घरात नसता तर मराठी कविता केवढ्या धनाला मुकली असती!

वरवट बकालच्या विद्यार्थ्याची अडचण नेमकी येथे सुरू होते. त्याचा कान वऱ्हाडी आहे आणि हात पाठ्यपुस्तकी. घरी तो ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ म्हणतो. वावर, धुरा, पऱ्हाटी, सोंगणी, डवरा हे शब्द त्याच्या जिभेवर असतात. वही उघडली की मात्र ‘शेत’, ‘बांध’, ‘कपाशीचे पीक’ आणि ‘कापणी’ उतरतात. त्यांच्यासोबत ‘जगाचा पोशिंदा’, ‘काळी आई’, ‘आसवांचा पूर’ अशी तयार शब्दयोजना येते. लेखनात येणारा हा पोशाखीपणा खोटेपणातून येत नाही. शाळेत आपली भाषा ‘अशुद्ध’ ठरल्याची ती जखम असते. ती बुजविण्यासाठी मुलगा दुसऱ्याचे शब्द अंगावर घेतो आणि मग त्या अंगरख्यात त्याला हालचाल करता येत नाही.

या बोलीत मोठे लेखन झाले आहे. उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी १९६० मधील. तिच्यातील कौतिक ही बाई वऱ्हाडीत बोलते, तिचे दैन्य आणि तिची जिद्द त्या बोलण्यातूनच वाचकापर्यंत पोहोचते. खामगावचे पुरुषोत्तम बोरकर यांनी ‘मेड इन इंडिया’ या कादंबरीत बोलीचा उपहासासाठी वापर केला. चिखली तालुक्यातील अमडापूरचे सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ या कादंबरीत शेतकरी कुटुंबातील सुशिक्षित बेकार मुलाची घुसमट आहे. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. तेल्हारा तालुक्यातील हिंगणीचे विठ्ठल वाघ यांनी वऱ्हाडी कविता व्यासपीठावर नेली आणि वऱ्हाडी म्हणींचा अभ्यासही केला. हे सर्व लेखक वरवट बकालपासून एका दिवसात जाऊन परतता येईल एवढ्याच अंतरावरचे. ‘आपल्या भागात कोणी लेखक नाही’ हे विद्यार्थ्याचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. वऱ्हाडी म्हटली की हशा, असे समीकरण रंगमंचाने आणि कविसंमेलनांनी रूढ केले आहे. बोली ही केवळ गंमत म्हणून कागदावर आली की ती बोलणारा माणूसही गंमतीचा विषय होतो. त्यापेक्षा निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत ठेवणे नवलेखकाला अधिक झेपते. बोली ऐकू येईल तशी लिहावी. प्रत्येक शब्द मोडून दाखविण्याचा अट्टहास नसावा.

सातपुड्याच्या पायथ्याशी कानाला आणखी काम आहे. शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यात निहाली ही भाषा बोलणारी वस्ती आहे. कोणत्याही ज्ञात भाषाकुळात न बसणारी आणि बोलणाऱ्यांची संख्या अत्यल्प राहिलेली अशी ही भाषा आहे. कोरकू आणि भिलाला कुटुंबेही त्याच डोंगराच्या आधाराने राहतात. त्या घरांतून आलेला विद्यार्थी वर्गात तिसऱ्या भाषेत लिहीत असतो. त्याच्या वहीतील एक मोडके मराठी वाक्य लाल शाईने कापण्यापूर्वी शिक्षकाने दोन क्षण थांबावयास हवे.

पुनर्लेखन : एका परिच्छेदाचे उदाहरण

राजशेखराने चौथ्या प्रहरातील परीक्षणाची चार कामे सांगितली आहेत. जे अधिक झाले ते टाकावे, जे उणे राहिले ते भरावे, जे चुकीच्या जागी पडले ते हलवावे, आणि जे विसरले गेले ते आठवून घ्यावे. हजार-अकराशे वर्षांपूर्वीची ही यादी आजही पुरते. ती कशी चालते हे पाहण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने असे लिहिले :

‘शेतकऱ्याचे जीवन अत्यंत कष्टमय असून तो जगाचा पोशिंदा असूनही त्याच्या वाट्याला केवळ दुःख, दारिद्र्य व उपेक्षा येते. पाऊस न आल्यामुळे माझे बाबा अतिशय चिंताग्रस्त झाले होते.’

यात व्याकरणाची चूक नाही. शिक्षक कदाचित गुणही देईल. तरीही वाचकाला काही दिसत नाही, कारण लिहिणाऱ्याने जे पाहिले ते अजून कागदावर आलेलेच नाही. पहिले काम : अधिकाचा त्याग. पहिले संपूर्ण वाक्य जाते; ते कोणीही, कुठेही बसून लिहू शकतो. दुसरे काम : उणे भरणे. बाबा चिंताग्रस्त होते म्हणजे काय करीत होते? हा प्रश्न विद्यार्थ्याला तोंडी विचारला की तो लगेच सांगतो, ‘रोज धुऱ्यावर जाऊन येत.’ वहीत नसलेली गोष्ट त्याच्या तोंडात तयार असते. तिसरे काम : जागा बदलणे. पावसाचे कारण आधीच सांगून टाकल्यामुळे उत्कंठा संपली आहे. चौथे काम सर्वांत कठीण : विसरलेले आठवणे. त्या आठवड्यात घरात आणखी काय होते? बियाणे आणले होते काय? कुठे ठेवले होते? या चौकशीतून दुसरा खर्डा असा होऊ शकेल :

‘मिरग कोरडा गेला. कृषी केंद्रातून उधारीवर आणलेल्या बियाण्याच्या पिशव्या बाबांनी खाटेखाली सरकवून ठेवल्या. धाकट्याने एक पिशवी ओढली तसे ते ओरडले, “फोडू नोको रे, फोडलेली कोनी वापस घेत नाई.” मग रोजच्यासारखे धुऱ्यापर्यंत जाऊन आले.’

‘चिंता’ हा शब्द आता कोठेही नाही. बियाणे परत करावे लागेल, म्हणजे पेरणी होणारच नाही, ही भीती मात्र एका पिशवीत आली आहे. ‘मिरग’, ‘धुरा’ आणि बापाचे एक वाक्य एवढ्यातून प्रदेशही आला. हा परिच्छेद थोर आहे असे नाही. पहिल्यापेक्षा तो खरा आहे, एवढेच. आणि लिहिणाऱ्याला हा फरक स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो, हे महत्त्वाचे. आपले लेखन एका दुपारीत सुधारू शकते, हा अनुभव ज्याला एकदा आला त्याला प्रोत्साहनपर भाषणाची गरज राहत नाही.

प्रत्यक्ष सरावासाठी काही साध्या गोष्टी उपयोगी पडतात. पहिला खर्डा निदान आठवडाभर बाजूला ठेवावा. नंतर तो मोठ्याने वाचावा; जेथे श्वास अडतो तेथे वाक्य बिघडलेले असते. विशेषणांखाली रेघ ओढून प्रत्येकाला ‘हे पाहिले की ऐकले?’ असे विचारावे. आवडत्या लेखकाचा एक उतारा हाताने उतरवून काढावा. यात अनुकरणाचा दोष लागत नाही, वाक्य कोठे वळते ते हाताला कळते. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर, ओळींमधील अंतर, समास, शाई, कागद यांचा तेथे विचार आहे, आणि ग्रंथाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत एकाच लेखणीने लिहिल्यासारखे दिसावे अशी अपेक्षा आहे. ती अपेक्षा हस्ताक्षराविषयी असली तरी पहिल्या पानावरचा उत्साह विसाव्या पानावर टिकवणे म्हणजे काय, ते त्यातून समजते.

दुसऱ्याच्या नजरेतून पुनर्लेखन करून घेण्याची परंपरा मराठी नियतकालिकांतही होती. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनाखालील ‘सत्यकथा’ साभार परत येणाऱ्या साहित्याबद्दल जितकी प्रसिद्ध होती तितकीच लेखकांना लिहिलेल्या सविस्तर सूचनापत्रांबद्दलही. तिच्या अभिरुचीला विरोध झाला, लघुनियतकालिकांच्या चळवळीने तो जाहीरपणे नोंदवला, आणि तो विरोध निराधार नव्हता. १९८२ मध्ये हे मासिक बंद झाले. त्यानंतर अनोळखी नवलेखकाची कथा इतक्या बारकाईने वाचून त्याला उत्तर लिहिणारी जागा मराठीत फारशी उरली नाही. हे नुकसान शहरातील लेखकाने मित्रमंडळींतून काही अंशी भरून काढले. खेड्यातील लेखकाजवळ तेही नव्हते.

लेखनप्रेरणा आणि मौनाची वर्षे

‘आता काही सुचत नाही, म्हणजे आपण संपलो’ अशी धास्ती नवलेखकाला पहिल्या दोन-तीन वर्षांतच बसते. या धास्तीवर उतारा म्हणून मेहकरच्या कवीची सनावळी पाहावी. ना. घ. देशपांडे (१९०९-२०००) हे मेहकरला वकिली करीत. ‘शीळ’ ही त्यांची कविता १९२९ ची. जी. एन. जोशी यांनी ती गायिली, तिची ध्वनिमुद्रिका निघाली आणि मराठी भावगीताच्या आरंभीच्या टप्प्यात ती घरोघरी पोहोचली. एवढी कीर्ती मिळूनही पहिला संग्रह ‘शीळ’ प्रसिद्ध झाला तो १९५४ मध्ये. ‘अभिसार’ १९६३ मध्ये. त्यानंतर ‘खूणगाठी’ एकदम १९८५ मध्ये आला आणि १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. त्यापुढचे दोन संग्रह, ‘गुंफण’ आणि ‘कंचनीचा महाल’, १९९६ मधील; तेव्हा कवीचे वय सत्त्याऐंशी होते. पहिल्या प्रसिद्ध कवितेपासून पहिल्या संग्रहापर्यंत पंचवीस वर्षे, दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत बावीस. या काळात मेहकरचे न्यायालय चालू होते, पक्षकार येत-जात होते. कवीने गाव सोडले नाही.

अरुण कोलटकर यांचा पहिला मराठी संग्रह १९७७ चा आणि ‘भिजकी वही’ २००३ ची. भालचंद्र नेमाडे यांची ‘झूल’ १९७९ मध्ये आली, ‘हिंदू’ २०१० मध्ये. या आकड्यांवरून आळसाचे समर्थन काढावयाचे नाही. पुस्तक न निघणे आणि लेखन थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच त्यांतून दिसते.

लेखन खरोखर कशाने नष्ट होते? राजशेखराने याचीही नोंद केली आहे. काव्यावरील पाच महासंकटांत तो दारिद्र्य, व्यसनासक्ती, अवज्ञा, दुर्दैव आणि दुष्ट वा शत्रूवरचा विश्वास ही मोजतो. ग्रंथ नाहीसे होण्याच्या कारणांत गहाण, विक्री, दान, देशत्याग, अल्पायुष्य, आग आणि पाणी येतात. या यादीत एक कारण असे आहे की वाचणारा दचकावा : ‘पुढे पूर्ण करीन, पुढे सुधारीन, मित्रांशी बोलून पाहीन’ असे म्हणत राहणारी कर्त्याची घालमेल. राज्यक्रांतीच्या शेजारी त्याने टाळाटाळीला बसविले आहे! शिवाय अर्धवट रचलेले काव्य कोणास वाचून दाखवू नये, ते अपुरेच राहते, असाही त्याचा इशारा आहे. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर चार ओळी टाकून दहा मिनिटांत पन्नास अंगठे मिळविणाऱ्या आजच्या कवीला तो तंतोतंत लागू पडतो. कौतुक मिळाले की मन त्या रचनेतून उठते. पाचवी ओळ लिहिलीच जात नाही. यंत्राकडून क्षणात कविता लिहवून घेण्याची सोय अलीकडे झाली आहे. तिच्यात तर लिहिणाऱ्याने काही पाहिलेलेही नसते आणि म्हणून त्याला आठवण्यासारखेही काही नसते.

निंदेविषयीही तो व्यवहारी आहे. केवळ लोक नावे ठेवतात म्हणून स्वतःची घृणा करू नये, लोक निरंकुश असतात, असे तो सांगतो. पहिल्या अपयशानंतर वही जाळणाऱ्या मुलापर्यंत हे पोहोचले पाहिजे.

प्रहर नसलेल्यांची दिनचर्या

राजशेखराच्या कवीला बाग आहे, परिचारक आहेत, लिहिण्याची साधने सांभाळणारी माणसे आहेत. वरवट बकालच्या मुलाला दुपारी कापूस वेचावा लागतो आणि रात्री वीज आली की पाणी द्यावे लागते. तेव्हा रोजचा दुसरा प्रहर लेखनाला द्या, हा उपदेश त्याच्यासाठी निरुपयोगी आहे. दिवसाचे चार प्रहर ज्याच्याजवळ नाहीत त्याला वर्ष वाटून घेता येते. पेरणी, डवरणी आणि नंतर सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी या काळात फक्त नोंदी : खिशातील छोट्या वहीत ऐकलेले एक वाक्य, एक शब्द, एक हिशेब. हरभरा निघाल्यावर, उन्हाळ्याच्या लांब दुपारी पहिला खर्डा. पावसाची झड लागली आणि वावरात पाय टाकता येत नाही अशा दिवसांत पुनर्लेखन. नियमितपणा म्हणजे रोजचे एक पान, ही शहरी कल्पना आहे. कास्तकाराचा नियमितपणा हंगामाचा असतो आणि तो कमी कडक नसतो.

राहतो प्रश्न चौथ्या प्रहरातील मोजक्या मंडळींचा. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघासारख्या संस्था आणि १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली अनुदान घेणारी गावोगावची वाचनालये ही जागा होऊ शकतात. काही ठिकाणी ती आहेतही. परंतु वाचनालयाचे टेबल बहुधा वर्तमानपत्रांनी आणि स्पर्धा परीक्षेच्या मासिकांनी व्यापलेले असते. महिन्यातून एकदा चार जणांनी तेथे बसावे, एकाने आपला खर्डा वाचावा, बाकीच्यांनी स्तुती न करता राजशेखराचे चार प्रश्न विचारावे : अधिक काय, उणे काय, जागेवर नाही ते काय, विसरले काय? याला खर्च नाही. माजी विद्यार्थ्यालाही या बैठकीत जागा असावी. वार्षिकांकाचे दार त्याला बंद झालेले असते.

विद्यार्थिनींच्या बाबतीत ही गोष्ट अधिक निकडीची आहे. ग्रंथनाशाच्या कारणांत राजशेखराने ‘देशत्याग’ घातला आहे. वऱ्हाडातील मुलीचा देशत्याग लग्नाच्या दिवशी होतो. सामानात भांडी, साड्या, पदवीचे प्रमाणपत्र जाते, कवितांची वही माहेरच्या फळीवर राहते. स्त्रियाही पुरुषांप्रमाणे कवी होतात, कारण संस्कार आत्म्यावर होतो, असे दहाव्या शतकाच्या उंबरठ्यावर राजशेखर लिहितो. त्याच्याही आधी लोक ते पाहत होते आणि त्याच्यानंतर विदर्भाने ते पुन्हा पाहिले : ‘धवळे’ रचणारी महदंबा ही मराठीची आद्य कवयित्री रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंच्या सहवासातील. लीळाचरित्राची मूळ प्रत धाडीत गेल्यावर ज्यांच्या स्मरणातून पाठ पुन्हा उभे राहिले त्यांत हिराइसा या स्त्रीचे नाव महानुभाव परंपरा घेते. जे लिहिलेले गेले ते एका बाईला पाठ होते.

राजशेखराची पत्नी अवंतिसुंदरी ही स्वतः विदुषी होती. काव्याविषयीची तिची मते तो ‘काव्यमीमांसे’त इतर आचार्यांच्या मतांबरोबर, तिच्या नावाने देतो आणि काही ठिकाणी त्यांच्याकडे कल दाखवतो. तिचा स्वतंत्र ग्रंथ आज उपलब्ध नाही. तिची मते आज वाचता येतात ती घरातल्या एका वाचकाने ऐकून लिहून ठेवली म्हणून.